गळ अडकलेले रविवार

मासे धरणाऱ्या माणसांकडे सहसा मोठ्या माशाच्या गोष्टी असतात. आमच्याकडे तशी एकही धड नाही. आम्ही चौघं कित्येक वर्षं दर रविवारी पाण्याकाठी उभे राहिलो, पण घरी काय आणलं हे सांगायला बसलो तर हातातला चहा निवायच्या आत विषय संपेल. अडकलेल्या गळांचं मात्र तसं नाही. एक आठवला की त्याला गुंतलेला दुसरा वर येतो, आणि मग बायको आतून विचारते, आज जेवायचं आहे की नाही.

ही गोष्ट सुरू झाली कोलशेतच्या आमच्या कारखान्यात, साधारण ऐंशीनंतर. मी टूलरूमला, राहायला कोपरीत. स्टोअर्सला कर्णिक, डोंबिवलीचा. ड्रॉइंग ऑफिसात कुलकर्णी. आणि बॉयलरवर हरी भोईर, तो कोलशेत गावातलाच. कर्णिकचा मेव्हणा बोटीवर होता. त्याने सिंगापूरहून एक रॉड आणि डबाभर नकली मासे आणून दिले. नकली मासा म्हणजे चकचकीत पत्र्याचा किंवा रंगवलेल्या प्लास्टिकचा तुकडा, पोटाखाली तीन काट्यांचा गळ. तो लांब फेकायचा आणि ओढत आणायचा. मोठा मासा त्याला खरा समजून गिळतो, असं डब्यावर लिहिलेलं. खाडीतल्या माशांनी तो डबा वाचलेला नव्हता.

पण गळ अडकतो ना, तो पहिला क्षण फार भारी असतो. हाताला एकदम जड लागतं, दोरी ताठ होते, आणि खाली काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. मासा असेल, दगड असेल, आणखी काहीही असेल. आमचे सगळे रविवार त्या एका क्षणापायी गेले असं म्हटलं तरी चालेल.

* * *

कुलकर्णी मासे खायचा नाही. घरात अंडंसुद्धा चालत नसे. तरी तो आमच्याबरोबर यायचा, कारण पाण्याखाली काय चाललंय ते त्याला बघायचं असायचं. लागलाच एखादा मासा तर तो उलटापालटा करून नीट बघायचा, तोंड उघडून आत डोकावायचा, आणि हरीला देऊन टाकायचा.

कर्णिकचे सिंगापुरी मासे हरवायची त्याला भीती वाटे. म्हणून त्याने घरच्या स्टीलच्या चमच्यांमधला एक उचलला, दांडा कापला, आणि माझ्याकडून टूलरूममध्ये दोन्ही टोकांना भोकं पाडून घेतली. पाण्यात तो चमचा खरंच माशासारखा वळवळायचा. चमच्याच्या पाठीवर 'मंगल' असं कोरलेलं होतं. मंगल म्हणजे कुलकर्णीवहिनी. त्यांच्या मामांनी लग्नात दिलेला सेट होता तो.

कोलशेतच्या खाडीवर पहिल्याच रविवारी चमचा तिवराच्या मुळात अडकला. ओहोटी लागली, पाणी हटलं, आणि समोर चिखलात तो चमचा उन्हात चमकायला लागला. हाताच्या अंतरावर आहे असं वाटावं इतका स्पष्ट. आम्ही नको नको म्हणेपर्यंत कुलकर्णी पँट वर करून निघालादेखील. थोडं अंतर गेला आणि मांडीपर्यंत आत गेला. पाय काढायला गेला तर कमरेपर्यंत. त्याला धरायला हरी धावला. खाडीकाठी जन्मलेला माणूस, पण घाईत गेला तो गेलाच, तोही गुडघ्यांच्या वर रुतला.

सुरुवातीला आम्ही हसत होतो. मग बारक्या बारक्या ओहळांतून पाणी परत यायला लागलं. भरती सुरू झालेली. कुलकर्णीने पाण्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि परत पाण्याकडे. कर्णिकने बांधावरून गळ फेकला, तो बरोबर त्याच्या कॉलरमध्ये अडकला, पण ओढल्यावर दोरी तुटली आणि कॉलर फाटली.  मी गावाकडे पळायच्या बेतात होतो, तेवढ्यात तिवरांच्या मागून हरीची हिराआत्या आली. निवट्या, म्हणजे चिखलातले बारके मासे, धरायला गेलेली. एक गुडघा लाकडी फळीवर आणि दुसऱ्या पायाने चिखल मागे रेटत, घसरगुंडीवरून यावं तशी ती सरळ कुलकर्णीपाशी येऊन थांबली.

"कं शोधताव चिखलान?" तिने विचारलं.

"चमचा," कुलकर्णी म्हणाला.

आत्याने काही न बोलता त्याला फळीवर पालथं घातलं आणि बांधाकडे ढकलत आणलं. मग हरीला. हरीला आणताना मात्र ती सारखी बोलत होती, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी ती परत गेली, मुळातून चमचा सोडवला, भोकं बघितली, आणि कुलकर्णीच्या हातात ठेवला.

घरी जाऊन कुलकर्णीने वहिनींना सगळं खरं सांगून टाकलं. तुझ्या नावाचा चमचा होता, टाकवेना, त्यासाठी आज जीव जायचा राहिला. वहिनींनी चमचा हातात घेतला. डोळे भरून आले होते म्हणे. मग त्यांनी विचारलं, "आणि दांडा कुठाय?"

* * *

डोंबिवलीला मोठागावच्या खाडीवर तेव्हा रेतीच्या बोटी चालायच्या. एका सकाळी कर्णिक आम्हाला मेव्हण्याचा कुठलातरी किस्सा सांगत उभा होता. सांगता सांगता, तोंड आमच्याकडे ठेवूनच, त्याने गळ फेकला. गळ गेला तो थेट शेजारून जाणाऱ्या रेतीच्या बोटीत.

बोट चालतच होती. कर्णिकची रीळ किंचाळायला लागली. त्याचा चेहरा असा काही उजळला की मला अजून आठवतो. जिताडा लागला, मोठा आहे, बाजूला व्हा, असं म्हणत तो काठाकाठाने पळत सुटला. आम्हाला बोट दिसत होती. पण हरीला हसू इतकं अनावर झालेलं की तो खाली बसला होता, आणि मला सांगवेना. तेवढा आनंद कुणाच्या तोंडावर रोज येत नाही.

मग दोरी एकदम सैल पडली. कर्णिक हताश झाला. तुटला, म्हणाला. गुंडाळायला लागला तर परत जड. अजून आहे, अजून आहे, असं पुटपुटत त्याने अगदी अलगद, थांबत थांबत दोरी आत घेतली. गळाला एक सुका बोंबील लावलेला होता. लांबवर बोटीतले रेतीवाले ओळीने उभे राहून बघत होते. त्यांच्या जेवणाच्या डब्यातला असावा.

कर्णिकने तोंड फिरवलं. कुलकर्णी मात्र वाकला, बोंबील हातात घेतला, वास घेतला. त्याने आयुष्यात सुका बोंबील इतक्या जवळून पाहिला नव्हता. बराच वेळ बघून तो गंभीरपणे म्हणाला, "कर्णिक, याला मीठ लागलंय. खाडीचं पाणी एवढं खारट आहे?"

* * *

त्याच सुमाराची गोष्ट. रविवारी सकाळी टीव्हीवर पौराणिक मालिका लागायची आणि रस्ते ओस पडायचे. कर्णिकच्या बिल्डिंगमध्ये कलर टीव्ही फक्त सोसायटीचे चेअरमन गोखले यांच्याकडे. अर्धी बिल्डिंग त्यांच्या हॉलमध्ये, उरलेली दारात आणि जिन्यात.

त्या दिवशी भरती उशिरा होती म्हणून आम्ही नेहमीपेक्षा उशिरा निघणार होतो. कर्णिकने नवी रीळ घेतलेली. ती बघायला तो गच्चीवर गेला आणि मोकळ्या गच्चीत गळ फेकून बघितला. गळ गोखल्यांच्या अँटेनाला अडकला. त्याने झटका दिला. अँटेना फिरला, आणि खालून एकदम लोकांचा आवाज आला, गेलं, गेलं. त्याने घाबरून दोरी सैल सोडली. चित्र परत आलं, पण मुंग्यांसकट. मग गळ सोडवायला म्हणून त्याने हळूच दुसऱ्या बाजूने ओढलं. खाली क्षणभर शांतता पसरली. गोखल्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून वर आवाज दिला, "कोण आहे वर? एकदम क्लिअर आलंय. तसंच धरा."

आम्ही त्याला घ्यायला पोचलो तेव्हा रस्त्यावरून दिसलं ते असं. कर्णिक गच्चीच्या कठड्याला पाय लावून उभा, रॉड वाकलेला, आणि ताठ दोरी वर आभाळाकडे गेलेली. कुलकर्णी म्हणाला, हा तिथे काय पकडतोय? वर गेलो तर कर्णिक कुजबुजत बोलायला लागला. मोठ्याने बोललं तर चित्र हलेल असं त्याला वाटत असावं. हात दुखायला लागले होते. हरीने थोडा वेळ रॉड धरला, पण खालून लगेच तक्रार आली, कारण हरीची उंची कमी. कर्णिकला परत धरावा लागला. शेवटी त्याला राहवेना. खाली काय चाललंय ते बघून यायला त्याने कुलकर्णीला पाठवलं. कुलकर्णी गेला तो एपिसोड संपल्यावरच परत आला, आणि फार छान होता म्हणाला.

पुढच्या रविवारी कर्णिक रॉड खांद्याला लावून जिना उतरत होता. गोखले दारातच उभे. हातात बशी, बशीत गरम साबुदाणा वडे. अतिशय आदबीने त्यांनी विचारलं, "कर्णिक, जरा गळ घेऊन वर येता का?"

* * *

मला सगळ्यात महागात पडलेला गळ दिवा गावातला.

दिव्याला तेव्हा चाळी नुकत्या उभ्या राहत होत्या आणि खाडीकडे सगळं मोकळं होतं. माझा नकली मासा पाण्यातल्या दगडाला अडकला. मी जोर लावून ओढला, तो सुटला, आणि गोळीसारखा येऊन माझ्या उजव्या अंगठ्यात शिरला. काटा पूर्ण आत. रक्त फार आलं नाही, पण अंगठा वाकेना. मी टूलरूमचा माणूस. उजवा अंगठा गेला तर मायक्रोमीटर कशाने धरणार? रस्ताभर डोक्यात तेवढंच चाललेलं.

रविवारी उघडा असलेला एकच दवाखाना होता. बाहेर बाकावर पेशंट बसलेले. मी अंगठ्याला लटकणारा लाल-पिवळा मासा घेऊन आत गेलो तसे सगळे आपापलं दुखणं विसरले. एका म्हातारबाबांनी खोकणं थांबवून विचारलं, हा कुठला मासा? मी म्हटलं, प्लास्टिकचा. मग प्लास्टिकचा कसा चावला, असं शेजारच्या बाईंनी विचारलं.  सगळ्यांनी मिळून मला पहिला नंबर दिला. दया आली म्हणून की आत काय होतंय ते दारातून बघायचं होतं म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

डॉक्टर तरुण होता. भिंग घेऊन तो बराच वेळ बघत बसला.  मग माझ्या लक्षात आलं की तो अंगठा बघतच नाहीये. त्याने विचारलं, गढूळ पाण्यात हाच रंग चालतो की चंदेरी बरा? मी म्हटलं, डॉक्टर, अंगठा. अंगठ्याला काही झालेलं नाही, म्हणाला. मी खुर्चीत मागे टेकलो.

कंपाउंडरने शेजारच्या सायकलवाल्याकडून कटर आणला. सुई टोचून अंगठा बधिर केला, काटा पुढून बाहेर काढला, टोक कापलं, आणि गळ मागे सरकवून घेतला. झालं. मग डॉक्टरने कापूस स्पिरिटमध्ये बुडवला. आधी मासा पुसला, मग माझा अंगठा.

धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली, आणि निदान पंधरा दिवस पाण्याकडे फिरकू नका असं बजावलं. मी फी विचारली तर नको म्हणाला. मासा न्यायला मी हात पुढे केला. त्याने तो ड्रॉवरमध्ये ठेवत म्हटलं, "पंधरा दिवस तुम्हाला लागणार नाहीच. माझ्याकडे राहू दे."

* * *

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही कोलशेतला होतो. कर्णिकचा गळ अडकला आणि ओढून बघतो तर नारळ. सोनेरी कागद लावलेला, म्हणजे आदल्या दिवशी पूजा करून खाडीला वाहिलेला. हरीने त्याला लगेच नमस्कार करायला लावला आणि परत सोडायला सांगितलं. कर्णिकने सोडला. थोड्या वेळाने तोच नारळ कुलकर्णीच्या गळाला. परत नमस्कार, परत पाण्यात. मग माझ्या.

आता हरीचा चेहरा उतरला. आम्हाला दोऱ्या वर काढायला लावून, त्याने नारळ स्वतः हातात घेतला, बांधाच्या टोकाला जाऊन त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलला, आणि ओहोटीच्या धारेत लांब फेकला. आम्ही सगळे उभे राहून तो जाताना बघत होतो. वळणापलीकडे दिसेनासा झाल्यावर हरी निवांत झाला. पार दुसऱ्या बाजूला तोंड करून त्याने गळ फेकला, आणि काही वेळाने ओढायला लागला.

नारळाकडे त्याने एकदाच पाहिलं. रॉड खाली ठेवला, चप्पल घातली. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, काल माझ्या आईने वाहिला तोच हाय हा, तिला काय सांगू?

* * *

आणि हा रायत्याचा.

मुरबाड रोडला, कल्याणच्या पुढे, उल्हास नदीवर रायत्याचा पूल आहे. पुलापासून बरंच खाली नदी जरा अरुंद होते. थंडीच्या दिवसांत आम्ही मरळ धरायला तिकडे जायला लागलो. एका सकाळी इतकं धुकं होतं की पलीकडचा काठ दिसत नव्हता. माझा गळ मध्यावर कुठेतरी अडकला. मी ओढलं, आणि त्याने मला ओढलं.

दगड ओढत नाही. मी दोन पाय रोवले. थोडी दोरी मी घेतली की तेवढीच तो परत न्यायचा. दम खायला मी थांबलो की तोही थांबायचा. हरी म्हणाला, असा मासा नदीत असू शकत नाही. कुलकर्णी माझ्या शेजारी येऊन बसला आणि दोरीला बोट लावून डोळे मिटून खालचा अंदाज घ्यायला लागला. असा किती वेळ गेला देव जाणे. मग ऊन वर आलं, धुकं विरळ झालं, आणि समोरच्या काठावर एक म्हातारा दिसला. डोक्याला मुंडासं, हातात बांबूचा रॉड, पाय रोवलेले, आणि तोही माझ्यासारखाच मागे झुकलेला.

दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. त्याने हात वर केला. मीही केला. ओरडलो, पण वाऱ्याने काही ऐकू जाईना. दोरी कुणालाच कापायची नव्हती. मग मी माझी दोरी सैल सोडली आणि त्याला खूण केली. त्याने गुंता आपल्याकडे ओढून घेतला, दगडावर बसला आणि निवांत सोडवत राहिला. मग परत हात वर. मी गुंडाळायला लागलो. माझा नकली मासा परत आला, आणि त्याच्या वर दुधाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेलं काहीतरी. उघडलं तर उकडलेल्या वालाच्या शेंगा. अजून कोमट होत्या.

पुढच्या रविवारी आम्ही मुद्दाम तिथेच गेलो. म्हातारा होता. आम्ही मध्यावर गळ फेकला, त्यानेही फेकला, आणि बऱ्याच प्रयत्नांनी दोऱ्या अडकल्या. या वेळी आम्ही मंगलवहिनींच्या चकल्या पाठवल्या. त्याने एक खाल्ली, उरलेल्या कमरेच्या पटक्यात बांधल्या, आणि हात वर केला. तो अख्खा हिवाळा असा गेला. कधी पेरू, कधी हरभऱ्याचा हुळा, इकडून कधी करंज्या. मासे धरायचं आम्ही जवळजवळ सोडलंच होतं. नाव काय, गाव कुठलं, घरी कोण आहे, काहीच माहीत नाही. इतक्या लांबून चेहरासुद्धा धड दिसायचा नाही. नुसतं मुंडासं आणि वर केलेला हात.

होळी जवळ आली तशी कर्णिकला चुटपुट लागली. नदी आटणार, मग हा माणूस कुठे भेटणार? एकदा त्याचा चेहरा तरी बघू या. एका रविवारी हरी आला नव्हता. आम्ही म्हाताऱ्याच्या आधी पोचलो, समोरचा काठ रिकामा होता. कर्णिक म्हणाला, तो यायच्या आत पलीकडे जाऊन बसू, चकित होईल. कुलकर्णीचा गळ नेहमीप्रमाणे अडकलेला, म्हणून त्याला सामानाजवळ ठेवलं. मी आणि कर्णिक शेतांतून पुलाकडे चालत निघालो.

पुलावर फारसं कुणी नव्हतं. एक एसटी गेली. समोरून उघड्या डोक्याचा, पांढऱ्या मिशांचा एक गृहस्थ हातात पिशवी घेऊन भरभर येत होता. कर्णिकने त्याच्याकडे काडेपेटी मागितली, विडी पेटवली. एवढ्या सकाळी कुणीकडे, असं त्याने विचारलं. कर्णिक म्हणाला, एका दोस्ताला भेटायला. तो हसला, मी पण, म्हणाला, आणि घाईत निघून गेला.

पलीकडून काठाकाठाने आम्ही म्हाताऱ्याच्या दगडापर्यंत पोचलो. बांबूचा रॉड खाचेत नीट टेकवून ठेवलेला. त्यावर मुंडासं वाळत घातलेलं. म्हाताऱ्याचा पत्ता नाही. आम्ही हाका मारल्या, वाट बघितली. मग कर्णिकने सहज नदीपलीकडे आमच्या काठाकडे पाहिलं आणि माझा दंड धरला.

कुलकर्णी उभा राहून दोन्ही हात हलवत होता. त्याच्या शेजारी आमच्या सतरंजीवर कुणीतरी बसलेलं. हातात आमच्या थर्मासचं झाकण, चहाने भरलेलं. त्या माणसाने झाकण खाली ठेवलं आणि हात वर केला.

कर्णिकने बांबूचा रॉड उचलला आणि नदीच्या मध्यावर गळ फेकला.